‘देवाचे राज्य’ वाचताना आधी नकाशा विसर

राज्य म्हटलं की आपल्याला सीमा नि किल्ले दिसतात. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’ मात्र प्रदेशापेक्षा राजाच्या सत्तेकडे बोट दाखवतो. म्हणून ‘देव राज्य करतो आहे’ असं मनात धरून वाच. मत्तय (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा लेखक) बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो, त्यावरून ते मेल्यानंतरचंच ठिकाण समजू नकोस. मीही वर्षानुवर्षं तेच समजत होतो. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानातल्या 1:15 (अध्याय 1, ओवी 15) पासून कर: ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’. मग लूकच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय उघड: दुसऱ्या ओवीत ‘तुझे राज्य येवो’ ही प्रार्थना आणि विसाव्या ओवीत ते आलेलंच आहे! हा ताण घाईने सोडवू नकोस. मोहरीच्या दाण्याचा दाखला (एवढासा दाणा वाढून मोठं झाड होतो, ही येशूची गोष्ट) तो ताण समजायला उपयोगी पडतो. बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, सध्या राहू दे.