अमेरिकन नागरिक पुण्यात कायमचे परतले, तर कर आणि पेन्शनचं काय होतं?

तुम्ही दोघं अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहू देणारं कार्ड) पुण्यात स्थायिक. सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन) सुरू आहे, ४०१(के) म्हणजे नोकरीतलं निवृत्ती बचत खातं तिकडेच आहे. भारतात कर भरल्यावर अमेरिकेत रिटर्न कशाला, असं विचारलंय.

भरावंच लागतं. अमेरिका नागरिकत्वावर कर लावते, तुम्ही राहता कुठे याच्याशी तिला देणंघेणं नाही. परदेशस्थांना मुदत आपोआप १५ जूनपर्यंत मिळते, पण थकलेल्या करावर व्याज १५ एप्रिलपासूनच चढतं. अमेरिकेबाहेरच्या कमाईवरची सूट (२०२५साठी १,३०,००० डॉलर) पगाराला आणि धंद्याला आहे. पेन्शन, व्याज, घरभाडं त्यात बसत नाही.

सोशल सिक्युरिटीचं कोडं सोपं आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २०नुसार तिच्यावर कर फक्त अमेरिकेत, आणि तोही फार तर ८५ टक्के रकमेवर.

४०१(के) जरा नाजूक. परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं तुम्ही आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेले) असता, तेव्हा परदेशी उत्पन्नावर भारतात कर नाही. मात्र पैसे आधी अमेरिकेतल्या खात्यात घ्या, मग इकडे पाठवा. थेट पुण्याच्या खात्यात आले तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न ठरू शकतं. पूर्ण निवासी झालात की खात्यातली वाढ दरवर्षी करपात्र होऊ नये म्हणून १९६१च्या आयकर कायद्यात कलम ८९ए आणि फॉर्म १०-ईई आले. त्यामुळे कर पैसे काढताना लागतो. हा पर्याय एकदा निवडलात की माघार नाही.

खरी फसगत होते ती एसआयपीमध्ये. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी ‘पीएफआयसी’, म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी. दर फंडामागे अमेरिकेच्या रिटर्नसोबत फॉर्म ८६२१. दरवर्षी कर भरत जाण्याचा पर्याय वेळेवर निवडला नसेल, तर विकल्यावर नफा धारणेच्या सगळ्या वर्षांवर वाटला जातो, मागच्या वर्षांच्या वाट्याला तेव्हाचा सर्वोच्च दर लागतो आणि वर व्याज. शेजारच्या काकांना बारा टक्के सुटले म्हणून तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. एफडीचं व्याज नुसतं उत्पन्नात धरायचं असतं, डोकं शांत राहतं. जुन्या पीपीएफचं व्याज मात्र इथे करमुक्त असलं तरी तिकडे करपात्र आहे.

एफबार, म्हणजे परदेशी बँक खात्यांची अमेरिकेला द्यायची माहिती, विसरू नका. अमेरिकेबाहेरच्या, म्हणजे इथल्याही, खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी त्याचा फॉर्म, फिनसेन ११४, भरायचा. आईच्या खात्यावर तुमची सही चालत असेल तर तेही धरा. कर शून्य असला तरी दंड होतो. मागचे राहिले असतील आणि चूक नकळत झाली असेल, तर आयआरएसचं (अमेरिकेच्या कर खात्याचं) पत्र यायच्या आत ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजनेतून तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांचे एफबार भरा.

आणखी एक, मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पुण्यातल्या इस्पितळात चालत नाही. त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडलात आणि पुढे परत घ्यावंसं वाटलं, तर दर बारा महिन्यांच्या खंडाला हप्ता १० टक्क्यांनी वाढतो. इथला आरोग्य विमा वय वाढण्याआधीच काढा.