कायदा सल्ला : दिवाळखोरीच्या अर्जाआधी अशिलाचे मेल वाचा

प्रश्न : माझा अशील वाळूजमधल्या एका कंपनीला प्रेस पार्ट पुरवतो. १ कोटी ३२ लाख रुपये थकलेत. मागणी नोटिशीला 'माल सदोष होता' असं उत्तर आलंय. दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ चा (पुरवठादाराने थकबाकीदार कंपनीविरुद्ध करायचा) अर्ज टिकेल का? (वकील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : 'सदोष' म्हटल्याने अर्ज पडत नाही आणि बिलं खरी आहेत म्हणून टिकतही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मोबिलॉक्स निकालाची (२०१७) कसोटी अशी : वाद मागणी नोटिशीच्या आधीचा हवा आणि नुसता हवेतला नको. बचाव शेवटी यशस्वी होईल का, यात एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, जिथे हा अर्ज चालतो) जात नाही. त्यामुळे तक्रारीचा एक जुना मेलसुद्धा अर्ज बुडवू शकतो. तो बहुधा तुमच्याच अशिलाच्या इनबॉक्समध्ये असतो आणि 'तसं काही नाही हो साहेब' म्हणून त्याने सांगितलेला नसतो. मसुद्याला हात घालण्याआधी मेल, व्हॉट्सअ‍ॅप, डेबिट नोटा (खरेदीदाराने बिलातून रक्कम कापल्याच्या नोंदी) स्वतः पाहा. अशिलाकडे क्वालिटी बघणाऱ्याचा फोनही मागा. रिजेक्शनच्या तक्रारी मालकाकडे कमी, त्याच्याकडे जास्त येतात.

मग बिलागणिक तक्ता करा : देय तारीख, चलनावरचा इनवर्ड (माल आत घेतल्याचा) शिक्का, जमा रक्कम, तक्रार. मुदत प्रत्येक बिलाच्या देय तारखेपासून ३ वर्षं, म्हणून जुनी बिलं इथेच गळतात. समजा, तक्रार १८ लाखांच्या बिलांपुरतीच आहे. ती वजा केली तरी १ कोटी १४ लाख उरतात, म्हणजे अर्जासाठी लागणारी १ कोटीची किमान थकबाकी भरते. हे अर्जातच आकड्यांनिशी मांडा. व्याज लेखी ठरलेलं नसेल तर त्याच्या जोरावर कोटी गाठायला जाऊ नका.

उलट बाजूने कंपनीला अडवा. माल नाकारला म्हणता, तर परतीचं चलन कुठे, गेटपास कुठे? त्या बिलांवर घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवलं का? कागद नसेल तर 'वाद' नोटिशीनंतर जन्मला, हे ठसवता येतं. मेल आणि चॅटच्या प्रिंट नुसत्या जोडू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे भाग 'अ' आणि 'ब' दोन्ही भरा. 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो आणि नेमका तोच राहून जातो.

तक्रारी खऱ्या आणि मोठ्या निघाल्या तर एनसीएलटीचा नाद सोडा. अशील नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल तर सुलभीकरण परिषदेकडे (लघुउद्योगांची थकबाकी मिळवून देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) जा. तिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि खरेदीदाराला निवाड्याविरुद्ध जायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

प्रश्न : कंपनीच्या संचालकाने शपथपत्रात धादांत खोटं लिहिलंय. उलटतपासणी मागावी का? (वकील, जालना)

उत्तर : एनसीएलटी नियम ३९ खाली मागता येते. पण अर्जदार तुम्ही असाल तर मागू नका. साक्षीपुरावा लागेल असं म्हणालात की वाद आहे हे तुम्हीच कबूल केलंत, आणि समोरचा वकील तेच वाक्य उचलतो. त्यापेक्षा प्रत्युत्तरात शपथपत्राचा परिच्छेद आणि त्याच संचालकाचा जुना मेल शेजारी-शेजारी ठेवा.

प्रश्न : एनसीएलटीच्या आदेशाची प्रत उशिरा मिळाली. अपिलाचे दिवस कधीपासून मोजायचे? (वाचक, लातूर)

उत्तर : आदेश सुनावल्या दिवसापासून, प्रत हाती पडल्यापासून नाही (सर्वोच्च न्यायालयाचा व्ही. नागराजन निकाल, २०२१). दिल्लीच्या एनसीएलएटीकडे (अपील न्यायाधिकरणाकडे) ३० दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी १५. त्यापुढे दिवसही माफ होत नाही. प्रमाणित प्रत तयार होण्यात गेलेले दिवस वगळले जातात, पण तिचा अर्ज मुदतीत केलेला असेल तरच. आदेश झाला त्याच दिवशी अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा.