डायँथसला पाणी घालण्याआधी थांबा

डायँथसची, म्हणजे कार्नेशनच्या गटातल्या फुलझाडांची, रोपं पहिल्यांदाच लावताय ना? मग पाण्याची झारी जरा लांबच ठेवा. ही झाडं तहानेपेक्षा लाडानं जास्त मरतात. माझी पहिली सहा रोपं मी अशीच घालवली. पानं मलूल दिसली की पाणी, पुन्हा मलूल दिसली की पुन्हा पाणी. मुळं कधीच कुजली होती. वरची माती बोटभर कोरडी लागल्याशिवाय पाणी नको, आणि तेही बुंध्याशी.

माती भुसभुशीत, निचऱ्याची हवी. थोडी चुनखडीची असली तर उत्तमच. आम्लधर्मी मातीत ही रमत नाहीत. ऊन रोज किमान पाच-सहा तास. शेणखत बेतानं घाला. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

डायँथसच्या गटात सुमारे ३०० जाती आहेत, त्यामुळे आपलं रोप कोणतं ते आधी बघा. चायना पिंक बहुधा हंगामी म्हणून लावतात, स्वीट विल्यम बहुतेक दुसऱ्या वर्षी फुलतं. कार्नेशनचं मोठं फूल हवं असेल तर दांड्यावरची शेंड्याची एकच कळी ठेवून बाकीच्या खुडायच्या. जिवावर येतं, पण खुडा.

बहुवर्षीय जातीही तीन-चार वर्षांत बुंध्याशी उघड्या, काटकुळ्या होतात. त्याआधीच नव्या रोपांसाठी फूल न आलेल्या फांद्यांची बोटभर छाटं पेराखाली (पानं फुटतात त्या गाठीखाली) कापून वाळूमिश्रित मातीत लावा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.