चाकणला रुजू होताना

प्रश्न : मी अंबाजोगाईची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. पुढच्या सोमवारी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून रुजू होतेय. लाइनवरचे ऑपरेटर वीस-वीस वर्षं काम केलेले. त्यांना ‘हा पीस रिजेक्ट’ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि सारखे प्रश्न विचारले तर हिला काहीच येत नाही, असं म्हणतील का?

उत्तर : मनापासून अभिनंदन! प्रश्न विचारायची भीती पहिल्याच दिवशी सोडून दे. नव्या मुलीला सगळं येत असेल अशी कुणाचीच अपेक्षा नसते. उलट सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. फक्त खिशात छोटी वही ठेव आणि सांगितलेलं तिथल्या तिथे लिहून घे, म्हणजे तेच तेच विचारावं लागणार नाही.

आता ऑपरेटरांचं. धातू कापणारं टूल घासलंय हे ही माणसं मशीनच्या आवाजावरून ओळखतात. हे शिक्षण तुला कुठल्याच कॉलेजात मिळालेलं नाही, म्हणून सुरुवातीला त्यांच्याजवळ उभं राहून काम बघ. रिजेक्ट म्हणायची वेळ आलीच, तर आधी स्वतःचं माप तपास. समज, ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, २५.०० ते २५.०२ मिमी आहे आणि तुला २५.०३ दिसतंय. असं माप ०.०२ लीस्ट काउंटच्या, म्हणजे ०.०२ मिमीपेक्षा बारीक फरक न दाखवणाऱ्या वर्नियरनं घेऊन वाद घालायचाच नाही, भोक मोजायचं जास्त अचूक डायल बोअर गेज घ्यायचं. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख उलटलेली नाही ना? सेटिंग रिंगवर, म्हणजे गेज जुळवायच्या ठरावीक मापाच्या कडीवर, झीरो बरोबर येतोय ना? बोअरमध्ये बर (धातूची कुसळं) किंवा कूलंट (कापताना सोडतात ते थंड करणारं द्रव) राहिलेलं नाही ना? मग पीस आणि गेज दोन्ही त्यांच्या हातात दे. ‘काका, मला २५.०३ येतंय, तुम्ही एकदा बघता का?’ त्यांनाही तेच माप आलं की पीस रिजेक्ट मालाच्या लाल बिनमध्ये जातो आणि कुणाचा अपमान होत नाही. ते रागावले तरी माप बदलायचं नाही. शांतपणे सुपरवायझरला बोलव.

तुझ्याच हातून चुकीचा पीस पास झाला, तर त्याच मिनिटाला सांग. माल कंपनीत आहे तोवर लॉट बाजूला काढून तपासता येतो. ग्राहकाच्या लाइनवर पोचला की तिथे जाऊन एकेक पीस तपासून सॉर्टिंग करावं लागतं आणि तक्रार कंपनीच्या नावावर चढते.

आणखी एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. नियुक्तिपत्र नीट वाच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं आणि कराराची नोंदणी होते; त्याची प्रत मागून घे. नियमित कर्मचारी म्हणून घेऊन पीएफ कापत असतील, तर बारा अंकी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, घे आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते रुजू होतानाच बघ. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.