वाचकांचे प्रश्न : ईसीएम खरंच गेलाय का?

प्रश्न : माझा कॉमन रेल डिझेल पिकअप इंजिन तापलं की चालता चालता बंद पडतो. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदला. बदलू का?

एवढ्यात नको. गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर सुरू होणं ही तक्रार आली की आधी क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यावा. त्याच्या आतली वायर तापली की सुटते, गार झाली की जुळते. ईसीएमच्या आतला सैल झाळही (सोल्डरचा जोड) अगदी असाच वागतो, म्हणून तर घोटाळा होतो.

गाडी बंद पडली की लगेच, म्हणजे दोष जिवंत असतानाच, स्कॅनर लावा आणि सेल्फ मारत दोन आकडे बघा : आरपीएम आणि रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब). इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्य दिसतंय, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम दीड-दोनशे दिसतंय पण रेल प्रेशर वर येत नाही, तर डिझेलच्या बाजूला शोधा : फिल्टर, फीड पंप, प्रेशर वाल्व्ह, रिटर्न जास्त देणारा (डिझेल टाकीकडे जास्त परत सोडणारा) इंजेक्टर. बहुतेक इंजिनांत साधारण 200 बारच्या आसपास प्रेशर आल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. आरपीएम आहे, प्रेशर आहे, इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) शांत आहे आणि तरीही इंजेक्टरला पल्स जात नाही, तेव्हा कुठे ईसीएमचं नाव घ्यायचं.

स्कॅनरच जोडला जात नसेल तर मात्र ईसीएमला सप्लाय मिळतोय का, ते आधी तपासा. इथे नुसत्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका. वायरचे सगळे तंतू तुटून एकच उरला असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएमचा कपलर काढा, इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घ्या आणि इग्निशन ऑन करून कपलरच्या सप्लाय पिन व बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये लावा. मेन रिले ईसीएमच ओढत असेल तर तेवढ्यापुरता रिलेच्या जागी जंपर वायर लावून सप्लाय पुढे द्यावा लागतो. मग उलट बाजू : बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून बल्ब घेऊन एकेक अर्थ पिन तपासा. बल्ब झगझगीत पेटला पाहिजे. तांबूस, मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नवा ईसीएम लावूनही गाडी तशीच बंद पडणार. पिनमध्ये जाड प्रोब खुपसू नका; मादी पिन एकदा फाकली की तोच नवा दोष होऊन बसतो.

एवढं सगळं ठीक निघालं तर इंजिन गार असताना सुरू करा आणि हेअर ड्रायरने फक्त ईसीएमची पेटी तापवा. हाताला चटका बसेल एवढीच, हीट गन नको. इंजिन गार, पेटी गरम आणि गाडी बंद : यापेक्षा चांगला पुरावा गॅरेजात मिळत नाही.

प्रश्न : इग्निशन ऑन केल्यावर चेक लाइट येत नाही, स्कॅनर जोडला जात नाही. फ्यूज, रिले, अर्थ सगळं बघून झालं. आता तरी ईसीएम गेला म्हणायचं ना?

अजून एक पायरी आहे, आणि चांगले ईसीएम भंगारात जातात ते बऱ्याचदा ती गाळल्यामुळे. सेन्सरना लागणारा 5 व्होल्टचा सप्लाय ईसीएम स्वतः तयार करतो आणि एकाच लाइनवर चार-पाच सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर कुठल्या ब्रॅकेटला घासून उघडी पडली, की ती लाइन खाली बसते. काही गाड्यांत तेवढ्याने ईसीएम मुका होतो.

हाताशी येईल अशा एखाद्या तीन पिनच्या सेन्सरचा कपलर काढा, 5 व्होल्टच्या पिनवर मीटर लावून ठेवा आणि इग्निशन ऑन करा. मीटर शून्य किंवा एखादा व्होल्ट दाखवत असेल तर बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा : रेल प्रेशर, बूस्ट, ईजीआर, कॅम, अ‍ॅक्सिलरेटर पेडल. ज्याचा कपलर निघताक्षणी मीटर 5 वर उडी मारेल, तोच चोर. सगळे काढूनही आकडा हलला नाही तर हार्नेस (वायरींचा जुडगा) बघा, आणि ईसीएमचा कपलर काढून ती वायर अर्थला लागलीय का ते तपासा. लक्षात घ्या, 5 व्होल्टच्या लाइनी सहसा दोन किंवा जास्त असतात. एक ठीक म्हणजे सगळ्या ठीक नव्हेत.

कॅन लाइन म्हणजे ईसीएम आणि बाकीची मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. तिचं माप अगदी सोपं आहे. बॅटरी काढा, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लागतो) 6 आणि 14 नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. 60 ओहमच्या जवळ हवा, कारण दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात. 120 आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांत सॉकेट आणि कॅन लाइन यांच्या मध्ये गेटवे मॉड्यूल आहे तिथे मात्र हे माप सॉकेटवर न घेता ईसीएमकडच्या वायरींवर घ्यावं लागतं.

प्रश्न : त्याच मॉडेलच्या गाडीचा, तोच नंबर छापलेला जुना ईसीएम बसवला. इंजिन एक-दोन सेकंद सुरू होऊन बंद पडतं. ईसीएम खराब मिळाला का?

बहुधा ईसीएम चांगला आहे, फक्त तो तुमच्या चावीला ओळखत नाही. एक-दोन सेकंदांत बंद पडणं ही इमोबिलायझरची सही. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर खात्रीच.

पेटीवर हार्डवेअरचा नंबर असतो आणि बहुधा सॉफ्टवेअरचाही, पण मधल्या काळात अपडेट झालं असेल तर छापील सॉफ्टवेअर नंबरला अर्थ उरत नाही. तो स्कॅनरने वाचावा. चांगला मार्ग म्हणजे क्लोनिंग. जुन्या ईसीएमचा प्रोसेसर जिवंत असेल, म्हणजे बिघाड इंजेक्टर ड्रायव्हरसारख्या (इंजेक्टरला करंट देणाऱ्या सर्किटसारख्या) भागात असेल, तर त्याच्यातली फ्लॅश आणि ईईप्रॉम या मेमरींची पूर्ण नक्कल दुसऱ्यात उतरवता येते. इमोबिलायझर, चासी नंबर, इंजेक्टर कोड सगळं त्यात येतं. म्हणून जुना ईसीएम भंगारात टाकू नका, निदान गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत तरी.

क्लोन जमत नसेल तर कोडिंग, म्हणजे गाडीची माहिती स्कॅनरने ईसीएममध्ये भरणं, करावं लागतं, आणि त्यात घाई झाली की गाडी सुरू होऊनही त्रास देते. इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो. डेल्फायचा 16 किंवा 20 अक्षरांचा, बॉशचा त्यापेक्षा छोटा. प्रत्येक नगाच्या बारीक फरकाची ती नोंद असते आणि ती योग्य सिलिंडरच्याच खात्यात भरायची असते. चुकली की आयडलला इंजिन हलतं, टकटक येते, धूर वाढतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर राखेचा आकडाही जुन्यातून वाचून नव्यात भरा. नाहीतर भरलेला फिल्टर नव्या ईसीएमला रिकामा वाटतो.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सपोर्ट सप्लाय जोडलेला असावा, साधारण 13 ते 13.5 व्होल्टचा. साधा चार्जर चालत नाही, त्याचा व्होल्टेज वरखाली होतो. हेडलाइट, ब्लोअर बंद. अर्ध्यात व्होल्टेज पडला की ईसीएमची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो.

प्रश्न : नवा ईसीएम बसवला आणि तीन आठवड्यांत तोही गेला. माल निकृष्ट का?

असेलही. पण पहिला कशाने मेला हे कुणी शोधलं होतं का? कपलर काढून पिनांकडे टॉर्च मारून बघा. हिरवट पूड म्हणजे पाणी. काळपट चिकट ओल म्हणजे इंजिन ऑइल : ऑइल प्रेशर स्विच किंवा इंजेक्टरच्या आतल्या हार्नेसमधून ते वायरीच्या इन्सुलेशनच्या आतून, दिव्याच्या वातीसारखं, चढत ईसीएमपर्यंत येतं. स्प्रेने पिना पुसून उपयोग नाही. जिथून ऑइल चढतंय तो स्विच आणि तेवढी वायर बदलावी लागते.

एकाच सिलिंडरचा ड्रायव्हर जळाला असेल तर तो इंजेक्टर मोजा. सोलेनॉइड इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये साधारण 0.2 ते 0.5 ओहम येतो (मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका), आणि पिन ते बॉडी काहीच लागता कामा नये. इंजिन चालू असताना या वायरींना हात लावू नका. ईसीएम तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज पाठवतो. झटका चांगलाच बसतो.

अल्टरनेटरही बघा. चार्जिंग 13.8 ते 14.7 व्होल्ट असावं, आणि मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर 0.5 व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायोड गेलाय. मागच्या बॉडीला वेल्डिंग केलं होतं का, तेही आठवा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीएमचे कपलर दोन्ही काढायचे असतात, आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेला खेटून लावायची असते.

बसवतानाची एक गोष्ट. इग्निशन बंद केल्याबरोबर ईसीएम झोपत नाही, काही वेळ नोंदी लिहीत बसतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग निगेटिव्ह काढा. पेटीखालचे रबर बुश आणि अर्थची पट्टी जुन्या जागी परत गेलीच पाहिजे. बुश गाळून पेटी थेट लोखंडावर आवळली तर इंजिनाचा सगळा धक्का आतल्या झाळांवर जातो.

प्रश्न : फोर्डचा 6.0 पॉवर स्ट्रोक पिकअप आहे. सकाळी गार असताना सुरू व्हायला त्रास देतो, तापल्यावर ठीक. इंजिनाचा कॉम्प्युटर बदलायचा का?

या इंजिनात इंजेक्टर चालवणारी पेटी वेगळी आहे : एफआयसीएम. ती 12 चे 48 व्होल्ट करते, आणि तुम्ही सांगता ते तिचं ठरलेलं दुखणं. तिच्या वरच्या छोट्या झाकणाखाली मोजण्याची जागा आहे. इग्निशन ऑन असताना 48 च्या आसपास आणि सेल्फ मारतानाही 45 च्या खाली नाही, असं हवं. रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवरच मोजा. तापल्यावर आकडा सुधारतो आणि फसवतो. 45 खाली आला तर बहुधा पॉवर बोर्डाचे झाळ गेलेले असतात. तो अर्धा भाग वेगळा बदलता येतो, आणि तसं केलं तर प्रोग्रॅमिंग लागत नाही कारण सॉफ्टवेअर दुसऱ्या अर्ध्या भागात असतं. मात्र आधी दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून लोड टेस्ट करा. एक मेलेली बॅटरी दुसरीला खाली ओढते, सेल्फच्या वेळी एफआयसीएमला 9-10 व्होल्टांतून 48 काढावे लागतात, आणि तिथेच ती जळते.