कार्व्होनचा कोणता बंध?

प्रश्न : कार्व्होन या सुगंधी रेणूत दोन कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहेत, एक कड्यात आणि एक बाजूच्या फांदीवर. एमसीपीबीए (ऑक्सिजन देणारं एक परॲसिड) घातलं की बाजूच्या फांदीवरच्या बंधाचं इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं तिकोनी कडं) होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की कड्यातल्या बंधाचं. गाइडात उत्तर आहे, कारण नाही. सर, असं का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, घरात बाळंतशेपा असेल तर चिमूटभर चुरडून वास घे. तो वास बराचसा कार्व्होनचाच.

एमसीपीबीए इलेक्ट्रॉनांचा भुकेला. कड्यातल्या बंधाचे इलेक्ट्रॉन शेजारचा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) आपल्याकडे ओढून बसलेला असतो, म्हणून एमसीपीबीए फांदीवरच्या बंधाकडे जातो. अल्कलीत, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असताना, मामला उलटा. पेरॉक्साइडचा प्रोटॉन निघतो आणि एचओओ हा ऋण आयन उरतो. याला इलेक्ट्रॉन द्यायचे आहेत, म्हणून कंगाल बंधच हवा! तो बीटा कार्बनवर (कड्यातल्या बंधाचं कार्बोनिलपासून दूरचं टोक) बसतो, इनोलेट (ऋण भार कार्बोनिलच्या ऑक्सिजनपर्यंत पसरलेला आयन) तयार होतो. मग अल्फा कार्बन (बंधाचं जवळचं टोक) बीटा कार्बनला जोडलेल्या ऑक्सिजनवर उलटून हल्ला करतो आणि हायड्रॉक्साइड बाहेर पडतो. एरवी हायड्रॉक्साइड सहजी निघत नाही; इथे निघतो, कारण ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मुळातच कमजोर. हे वाक्य पेपरात लिहीच, बहुतेक पोरं तेच गाळतात. फांदीवरच्या बंधाला इनोलेट करायची सोयच नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. ही वाइट्झ-शेफर अभिक्रिया, १९२१ सालची.

तोंडी परीक्षेत चाल्कोन (कार्बोनिलशेजारी असाच दुहेरी बंध असलेला रेणू) विचारतील. सिस घ्या की ट्रान्स (बंधाच्या दोन टोकांचे मोठे गट एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना), या पद्धतीने ट्रान्स इपॉक्साइडच मिळतं. मधल्या इनोलेटमध्ये बंध एकेरी होतो आणि फिरायला मोकळा असतो.

प्रात्यक्षिक करणार असशील तर दिवाळीनंतर कर. मी एप्रिल-मे महिन्यात ते कधी लावलं नाही. आयसोफोरोन (कड्यात असाच बंध असलेलं संयुग) घेऊन हीच अभिक्रिया करायच्या नेहमीच्या कृतीत मिथेनॉलमधल्या मिश्रणात अल्कली थेंबथेंब घालताना तापमान १५ ते २० अंश ठेवायचं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देतं, त्यात अभिक्रिया स्वतः उष्णता सोडते आणि लाइट गेली की फ्रिजही बंद. ३० टक्के पेरॉक्साइडची बाटली घट्ट बुचाने बंद करू नये, हातमोजे-चष्मा हवाच. त्या भांड्यात ॲसिटोन चुकूनही ओतू नकोस, स्फोटक पदार्थ होऊ शकतो. शेवटी उरलेलं पेरॉक्साइड सोडियम सल्फाइटने मार; स्टार्च-आयोडाइड कागद निळा होणं थांबलं की मगच द्रावक उडवायला घे.