पोकरमध्ये बरोबर खेळूनही नशिबामुळे हरलो, तर आपला निर्णय चूक होता की बरोबर हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की एक्क्यांची जोडी होती, फ्लॉपच्या (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) आधीच ऑल-इन झालं (समोरचे सगळे पैसे लावले), समोर राजांची जोडी निघाली, रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पत्त्याला) तिसरा राजा पडला आणि तेव्हापासून 'माझं काय चुकलं' हेच डोक्यात फिरतंय. काहीही चुकलं नाही. जिंकायची शक्यता साधारण 82 टक्के तुमची होती, 18 त्याची. पाच-सहा वेळा असं झालं की त्यात सरासरी एकदा हरणारच. झोपा.

उत्तर खरं तर इथंच संपलं, पण ह्याच विषयावरून आमच्याकडे गेली चार वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे आता ऐकाच.

मी आणि माझे साडू सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. एका रात्री बायका-मुलं झोपल्यावर आम्ही दोघं पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीनं मांडवीतल्या एका कसिनोवर गेलो. साडूंना तीन पत्ती सोडून काही येत नाही, ते एन्ट्रीत मिळणारं जेवण वसूल करायला आलेले. मी 100-200 च्या टेबलावर (सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा 100 आणि 200 रुपयांच्या) बसलो आणि हे माझ्या खुर्चीमागे गुलाबजामची वाटी घेऊन उभे, डीलरनं दोनदा सांगितलं मागे सरका म्हणून.

माझ्याकडे अठ्ठीची जोडी, इस्पिक आणि चौकट. 700 केले, दोघांनी कॉल केलं (तेवढेच पैसे लावले), त्यातले एक सुरतचे काका, सतत बडीशेप चघळणारे. फ्लॉप बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. म्हणजे माझ्या तीन अठ्ठ्या झाल्या. मी 1900 टाकले, काका आले, तिसरा गेला. पॉट (मध्ये जमलेले पैसे) 6000. टर्नला (चौथ्या पत्त्याला) इस्पिक दुर्री, म्हणजे काहीच नाही. माझ्यासमोर 9000 उरले होते ते सगळे सरकवले. काकांनी जरा विचार केला, बडीशेप चघळली आणि कॉल म्हणाले. हातात बदाम एक्का, बदाम नव्वी. फ्लश, म्हणजे पाच बदामं, लागायला एक बदाम बाकी.

आता मोजा. न दिसलेले पत्ते 44. बदामं उरलीत 9, पण बदाम तिर्री किंवा बदाम दुर्री आली तर बोर्डवर (मधल्या सामाईक पत्त्यांत) जोडी होते आणि माझं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी, फ्लशच्या वरचं) लागतं, म्हणजे काकांच्या कामाचे फक्त 7. 44 पैकी 7, म्हणजे 16 टक्के. 24000 चा पॉट आणि त्यात 84 टक्के माझे. ते कॉल न करता गेले असते तर माझ्यासमोर 15000 असते, कॉल केल्यावर सरासरी 20 हजारांच्या वर. काकांनी मला पाच हजार भेट दिले हो! फक्त ते त्या रात्री मिळाले नाहीत, कारण रिव्हरला बदाम गुलाम आला.

काका 'सॉरी हां बेटा' म्हणाले आणि चिप्स ओढायला लागले. आणि मागून आवाज, तोंडात गुलाबजाम असताना, "अरे सगळे कशाला टाकलेस? थोडे ठेवायचे ना!"

तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला ऐकतोय. 'आमचे गणितवाले', असं म्हणून ओळख करून देतात माझी.

2003 च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिल आयव्ही ह्या नावाजलेल्या खेळाडूकडे टर्नला नव्व्यांचं फुल हाउस होतं, समोर ख्रिस मनीमेकर, एक साधा अकाउंटंट, एक्का-राणी घेऊन. त्यालाही 44 पैकी 7 च पत्ते चालणार होते, आणि रिव्हरला एक्का पडला. आयव्ही दहाव्या नंबरवर बाहेर, फायनल टेबलला एक जागा कमी, आणि मनीमेकर पुढे 25 लाख डॉलर जिंकला. आता आयव्हीला सांगा थोडे ठेवायचे होते म्हणून. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "तोपण हरलाच ना?"

बरं, माझं ज्या हाताबद्दल कौतुक होतं तो ऐका. दिवाळीत साडूंच्याच घरी खेळत होतो. माझ्याकडे सत्ती-छक्की. बोर्डवर एक्का, राजा, नव्वी, पंजी. बायकोच्या मामेभावानं जोरात बेट लावली, त्याच्याकडे एक्का-राजा होता हे नंतर कळलं. मला पंजी ते नव्वी अशी ओळ लागायला फक्त अठ्ठी चालणार होती, अकरात एकदा येईल अशी. दीड हजाराच्या पॉटसाठी मी आठशे टाकले, का तर कंटाळा आला होता आणि दोन पेग झाले होते. अठ्ठी आली. साडूंनी पाठ थोपटली, "ह्याला म्हणतात जिगर!" आयुष्यात ह्यापेक्षा भिकार कॉल मी केलेला नाही.

पोकरवाले ह्याला रिझल्टिंग म्हणतात, निकाल बघून निर्णयाला मार्क द्यायचे. माणूस जिंकला की हुशार. हेच साडू 2020 च्या एप्रिलमध्ये पर्सनल लोन काढून कुणाच्यातरी टिपवर शेअर घेऊन बसले, बाजार वर गेला, आता घरातल्या सगळ्यांना गुंतवणुकीचे सल्ले देतात. बाजार अजून आपटला असता तर हप्ते कोण भरणार होतं? पण ते विचारायचं नाही, निकाल बोलतो म्हणे.

आता खरं सांगतो, माझी चूक त्या रात्री झालीच होती. काकांनी चिप्स ओढल्यावर मी उठायला हवं होतं. मी अजून 20000 घेतले आणि दोन तासांत राजा-गुलाम, एक्का-सत्ती असलं काहीबाही खेळत घालवले. साडूंना त्यातलं काहीच आठवत नाही, कारण ते तोपर्यंत सोफ्यावर झोपले होते. तुम्हीही राजांचा हात सोडा आणि त्याच्यानंतरचा तास कसा खेळलात ते तपासा.

आणि नशीब नशीब करत लपूही नका. माझ्या हातातही एक प्रश्न आहेच, 9000 ऐवजी 4000 टाकले असते तर राजाची जोडी घेऊन बसलेलाही कॉल करत राहिला असता का? असेल. पण ती चर्चा पोकर येणाऱ्या माणसाशी, गुलाबजामवाल्याशी नाही. शिवाय प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25-30 च हात होतात, एका रात्रीच्या निकालावरून काहीच कळत नाही. ऑनलाइन हजारो हात खेळून बघायची सोय होती, पण ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर पैशांची टेबलं बंद झाली. (घरी पैसे लावून खेळताना महाराष्ट्रात जुगाराचा कायदा आडवा येऊ शकतो, मी सांगितलं म्हणून खेळू नका. आणि कर्ज काढून तर कुठंच नको.)

एक करता येतं. हात लिहून काढा, पण ऑल-इनपर्यंतच, पुढचा पत्ता लिहू नका, आणि खेळ समजणाऱ्याला विचारा तू काय केलं असतंस. मी गेल्या महिन्यात हे साडूंवरच करून बघितलं. नियम समजावले, टर्नपर्यंतचा हात व्हॉट्सॲपवर पाठवला, गोव्याचं नाव काढलं नाही. त्यांचं लगेच उत्तर, "तीन अठ्ठ्या आहेत ना? डोळे मिटून सगळे टाकीन."

मग सांगितलं, भाऊ, हा तोच हात.

बराच वेळ टायपिंग दिसत होतं. मग आलं, "पण मी बसलो असतो तर बदाम आलंच नसतं."